अहो-जाहो नक्की कोणाला करायचं?

सायली_ठाणे (धागाकर्ती)

गेल्या रविवारची गोष्ट. सोसायटीच्या गेटवर आमचं पार्सल आलं होतं. माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. गॅलरीतून वाकून त्याने हाक मारली, "ए वॉचमन, ते पार्सल वर घेऊन ये." खाली जे उभे होते ते साठीला टेकलेले गृहस्थ आहेत. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. चार मजले चढून आले, दाराबाहेर चपला काढल्या, पार्सल दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि म्हणाले, "घ्या दादा."

"घ्या." अकरा वर्षांच्या पोराला.

मुलाने पार्सल घेतलं आणि दार लावून टाकलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत ते दोन जिने उतरून गेले होते. घोटभर पाणीसुद्धा विचारलं गेलं नाही.

संध्याकाळी त्याला समोर बसवून रागावले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण आई, तू पण त्यांना 'वॉचमन, ती गाडी जरा काढायला सांग' असंच म्हणतेस. बाबा पण." मला उत्तर देता आलं नाही. नऊ वर्षं आम्ही इथे राहतोय. शेजारच्या विंगमध्ये त्यांच्याच वयाचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, त्यांना मी पहिल्या दिवसापासून "काका, या ना, बसा" म्हणते. गेटवरच्या माणसाला पहिल्या दिवसापासून "तू". असं मला कोणी शिकवलं? कोणीच नाही. आजूबाजूला सगळे म्हणत होते, मीही म्हणू लागले.

तेव्हापासून मनात एकच विचार आहे. आपल्या भाषेत 'कृपया' असतं ते पाटीवर. 'धन्यवाद' भाषणाच्या शेवटी. घरात, बाजारात, रस्त्यात कोणी ते म्हणत नाही आणि त्यात काही उणंही वाटत नाही, कारण आपला सगळा मान क्रियापदात असतो. दे, द्या, देता का, द्याल का जरा. निघताना "जाते" न म्हणता "येते" म्हणतो, तेही त्यातलंच. मग ज्याच्याशी बोलताना तो 'द्या'च काढून घेतला, त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरं उरलं काय?

तुमच्या घरी कसं आहे? भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले, पोळ्यांना येणाऱ्या ताई, डिलिव्हरीची मुलं. तुम्ही काय म्हणता आणि मुलं काय उचलतात? मनापासून विचारतेय.

मालवणचो_झिल

तुमची तळमळ कळली, पण 'तू'ला एवढं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. आमच्या घरात आजोबांनाही तूच होतं. "आजा, जेवलंस?" असंच आम्ही विचारायचो आणि त्यात तसूभरही अनादर नव्हता. अख्ख्या महाराष्ट्रात आईला तू म्हणतात. गणपतीला "बाप्पा, तुम्ही या" असं कोणी म्हटलेलं ऐकलंय का? जिथे जीव लागतो तिथे आपण तू म्हणतो. मला तर 'तुम्ही' परकं वाटतं. वॉचमनना तुम्ही म्हणायला लागलात तर तेही अवघडतील.

वर्धेचा_पाहुणा

झिलभाऊ, आईला तू म्हणतो हे खरं. पण आईसुद्धा आपल्याला तूच म्हणते. इथे पोरगा 'ये' म्हणाला आणि म्हातारा माणूस 'घ्या' म्हणाला. सारा फरक तिथंच आहे.

आमच्याकडे पूर्व विदर्भात 'जी' लावायची पद्धत आहे. का जी, हो जी, बसा जी. लहान-मोठा, नवरा-बायको, दुकानदार-गिऱ्हाईक, सगळे एकमेकांना लावतात. हा 'जी' दोन्हीकडून येतो, म्हणून तो ऐकायला गोड लागतो.

आता थोडं कडू सांगतो. माझ्या पणजोबांच्या पिढीपर्यंत आमच्या समाजातल्या माणसाने वरच्या जातीच्या माणसाला 'जोहार' घालायचा असा रिवाज होता. जोहार घालणारा खाली वाकायचा. समोरचा उलट जोहार घालत नसे. नावंही तशीच, धोंड्या, म्हाद्या, सख्या. साठ वर्षांच्या माणसाला दहा वर्षांचा पोरगा "म्हाद्या, इकडे ये" म्हणायचा आणि म्हाद्या "जी मालक" म्हणत यायचा. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' हे अभिवादन रूढ केलं, त्याची थोरवी मला इथे दिसते. 'जय भीम'चं उत्तर 'जय भीम'च असतं. कलेक्टर असो की झाडूवाला, दोघांचा शब्द एकच. माझे आजोबा सांगत, पहिल्यांदा 'जय भीम' घातला आणि समोरून 'जय भीम' आला तेव्हा पाठीचा कणा आपोआप सरळ झाला.

सायलीताई, तुमच्या मुलाने जे केलं ते त्याने केलं नाही. फार जुन्या काळापासून चालत आलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. तुम्हाला ते ऐकू आलं, हे बरं झालं.

सायली_ठाणे

वर्धेचे दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी तू आणि तुम्ही यांच्यातच अडकले होते. खरी गोष्ट तुम्ही दाखवलीत, शब्द परत येतो की नाही. झिल, तुमच्या आजोबांचं तू परत येत होतं, म्हणून ते गोड. आमच्या गेटवरचं तू परत येऊच शकत नाही. त्यांनी मला एकदा "सायली, गाडी काढ" म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली असती. आणि तक्रार कदाचित मीच केली असती, हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

मिरजेची_सिस्टर

एकोणीस वर्षं नर्सिंग करतेय. या विषयावर माझ्याकडे रोजचा अनुभव आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

दवाखान्यात माणूस आला की आधी कपडे जातात, मग नाव जातं. तो 'बेड नंबर सात' होतो, किंवा सरसकट आजोबा. मी शिकत होते तेव्हा मेडिसिन वॉर्डात एक निवृत्त हेडमास्तर होते. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत, पण समज पूर्ण. माझ्या बरोबरीची एक विद्यार्थिनी त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "ए आजोबा, कूस बदल." मनाने ती वाईट नव्हती, उलट फार मायेची मुलगी. वॉर्डात सगळेच तसं बोलतात म्हणून तीही बोलली. आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारची गोळी घेतली नाही, संध्याकाळचीही नाही. फाइलवर शेरा पडला, 'रुग्ण सहकार्य करत नाही'.

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. त्यांनी फाइल उघडून वाचली, मग खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, जरा कुशीवर वळता का? पाठ पुसून घेऊ." सरांनी डाव्या हाताने कॉटचा दांडा धरला आणि जेवढं जमेल तेवढं स्वतः वळले. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. पाठ पुसून झाल्यावर त्यांनी गोळी घेतली.

ते हेडमास्तर होते म्हणून मान मिळाला, असं वाटेल. तसं नव्हतं. शेजारच्या कॉटवर बीडकडचे एक ऊसतोड कामगार होते. सिस्टर त्यांच्याकडे वळल्या आणि विचारलं, "तुम्हाला घरी काय म्हणतात?" ते म्हणाले, "तात्या." त्या दिवसापासून सगळ्या वॉर्डाने त्यांना तात्या म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, असा इन्चार्जबाईंचा हुकूम. आम्हाला बाजूला घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "नाव फाइलवर असतं गं. वाचायला किती वेळ लागतो?"

माझ्या हाताखाली आता ज्या मुली येतात त्यांना सुई टोचायला शिकवण्याआधी मी हे शिकवते. आणि आपल्याच माणसांबद्दलही शिकवते. वॉर्डातल्या मामा आणि मावशींना आपण मामा-मावशी म्हणतो खरं, पण पुढचं वाक्य "मामा, बेडपॅन आण" असतं. त्यांनाही 'आणता का' म्हटलं तर आपली जीभ झिजत नाही.

स्पष्टवक्ता_कराड

सिस्टर, तुम्हाला सलाम. पण सायलीताईंना माझं एक रोखठोक मत सांगतो. तुमच्या वॉचमनची ड्युटी किती तासांची आहे? बारा? आठवड्याची सुट्टी मिळते का? बसायला धड खुर्ची आहे का, की तीच ती मोडकी प्लास्टिकची? गेटजवळ संडास आहे की रात्रभर नैसर्गिक विधी रोखून धरायचे? आधी हे बघा. दोन हजार रुपये वाढवा आणि खुशाल 'तू' म्हणा, त्याला चालेल. गोड बोलून कमी पगारावर राबवून घेणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत.

लेक_कष्टाची

कराडकर, तुमचा मुद्दा खरा आहे, पण "त्याला चालेल" हे त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका. माझ्या आईने पुण्यात चोवीस वर्षं धुणीभांडी केली. मी सांगते काय चालतं आणि काय चालत नाही.

आई चार घरी जायची. सगळीकडे तिला मावशी म्हणायचे. त्यातलं एक घर सर्वांत जास्त पैसे द्यायचं आणि पगार कधी थकवायचं नाही. त्या घरात आईचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, पांढरा, त्यावर निळं फूल. तो ओट्यावरच्या फडताळात नसायचा. मागच्या गॅलरीत, साबणाच्या डब्याशेजारी पालथा घातलेला असायचा. आई स्वतः तो उचलायची, विसळायची, चहा ओतून घ्यायची, गॅलरीतच उकिडवी बसून प्यायची आणि पुन्हा पालथा ठेवायची. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जायची. एकदा मी त्यांच्या फडताळातला कप उचलला. बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. माझ्या हातून कप हळूच काढून घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, हिला तुझा कप दे." आईने घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. पुढच्या महिन्यात ते काम सोडलं. सर्वांत जास्त पगाराचं काम. घरात चणचण होती, तरी सोडलं.

आणि दुसरं घर. तिथे एक आजी एकट्या होत्या. त्या आईला तू म्हणायच्या आणि आईसुद्धा त्यांना तूच म्हणायची. "आजी, गोळी घेतलीस का? खोटं नको सांगूस." दोघी एकाच टेबलाशी बसून चहा प्यायच्या. पगार बेताचाच होता. आजी गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाने आईला बोलावून घेतलं आणि तेराव्याला ती घरच्या बायकांच्या पंगतीत जेवली. आई आजही त्यांची आठवण काढते.

मावशी म्हटलं की नातं झालं, असं होत नाही. सख्ख्या मावशीला आपण गॅलरीत पालथ्या कपातून चहा देतो का?

२००८ साली राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पुढे मी आईची नोंदणी करायला गेले तेव्हा फॉर्मवरचा 'घरेलू कामगार' हा शब्द तिने मला दोनदा वाचून दाखवायला सांगितला. "कामगार म्हणतात का मला?" असं विचारलं तिने. पैसे हवेतच, कराडकर. त्यासोबत हेही हवं असतं.

स्पष्टवक्ता_कराड

ताई, माझे शब्द मागे घेतो. "त्याला चालेल" असं मी लिहायला नको होतं.

डबलबेल

एसटीत कंडक्टर आहे, बावीस वर्षं झाली. आम्हाला लोक मास्तर म्हणतात. "ओ मास्तर, दोन द्या" हे ऐकलं की बरं वाटतं, कितीही गर्दी असली तरी.

मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. सवलत सरकारने दिली, पण तिचा राग काही प्रवासी बायकांवर काढतात. "अर्ध्या तिकिटात आलीस, उभी राहा की" असं एका बाप्याने डोक्यावर पाटी असलेल्या बाईला म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती बाई खाली बघून उभी राहिली. मी तिथेच थांबलो. म्हणालो, "साहेब, तिच्या तिकिटाचा हिशोब माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. आणि 'आलात' म्हणा." गाडी गप्प झाली. मागच्या सीटवरचा कॉलेजचा मुलगा उठला, "मावशी, बसा" म्हणाला. मी डबल बेल दिली.

पंचाहत्तरीच्या पुढची माणसं आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, त्याच्या बाहेर रुमाल, असं गुंडाळून आणतात. ते सोडवायला वेळ लागतो. त्या वेळी घाई न करणं हे माझ्या कामातलं सर्वांत मोठं सौजन्य आहे असं मी मानतो. शून्य रुपयांचं तिकीटही मी हातात देतो, सीटवर टाकत नाही.

बोरिवली_लोकल

मुंबईकरांसाठी एक वेगळी अडचण मांडते. आपल्याकडचे बरेच रिक्षावाले, वॉचमन, भाजीवाले उत्तर प्रदेश-बिहारचे. त्यांच्याशी आपण हिंदीत बोलतो, पण डोक्यात मराठी असते. मराठीत 'तुम्ही' म्हणजे मान. म्हणून आपण हिंदीत 'तुम' म्हणतो आणि मान दिला असं समजतो. हिंदीत मानाचा शब्द 'आप' आहे. 'तुम' बरोबरीच्याला किंवा लहानाला. म्हणजे आपण मनापासून तुम्ही म्हणतोय आणि तिकडे ऐकू येतंय भलतंच. मला हे एका रिक्षावाल्या काकांनीच सांगितलं, जौनपूरचे होते. चिडून नाही, अगदी सहज. "मॅडम, हमारे यहाँ बाप को तुम नहीं बोलते." तेव्हापासून मी 'आप'ची सवय लावून घेतेय.

स्टुटगार्टवरून

जर्मनमध्येही हेच आहे, 'दू' आणि 'झी'. इथे आल्यावर सगळ्यात आधी हेच कळलं, आपल्या मराठीमुळे. एक पद्धत मला फार आवडली. 'झी'वरून 'दू'वर यायचं असेल तर ते वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं, आणि एकदा ठरलं की दोघांनीही दू म्हणायचं. माझ्या सत्तरीच्या शेजारीणबाईंनी मला एक दिवस केक देऊन दू सुचवलं. मला मात्र त्यांना दू म्हणताना अजून जीभ अडखळते. तिथे आईच्या शिकवणीची 'तुम्ही' आडवी येते.

अहोंची_बायको

सगळं पटलं. पण घरातलं एक राहिलं. नवरा "अगं" म्हणतो, "चहा दे" म्हणतो. बायको "अहो, चहा घेता का?" म्हणते. आमच्या आधीच्या पिढीत तर सरसकट. हेही परत न येणारंच की. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. मुलीच्या लग्नात जावई तिला आणि ती त्याला तू म्हणते हे ऐकून माझ्या सासूबाई आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "ऐकायला बरं वाटतंय."

आळंदीकर_दिंडी

वारीत यावं एकदा प्रत्येकाने. तिथे प्रत्येक जण माउली. "माउली, जरा सरका", "माउली, पाणी घ्या", पोलीसही "माउली, डाव्या बाजूने चला" म्हणतात. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. सत्तर वर्षांचे आजोबा माझ्या पाया पडायला वाकले तेव्हा पहिल्या वर्षी मी मागे सरकलो होतो. त्यांनी माझा हात धरून थांबवलं. अठरा दिवस ते चालतं. अडचण पंढरपूरहून परतीची गाडी पकडल्यावर सुरू होते.

सायली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय, म्हणजे काय झालं ते सांगता येईल.

मिरजेच्या सिस्टरांचा प्रतिसाद वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन खाली गेले. विचारलं, "तुम्हाला घरी काय म्हणतात?" त्यांना प्रश्न कळला नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा विचारलं. म्हणाले, "गावाकडं आबा म्हणतात सगळी. पर इथं कशाला?" गाव परभणीजवळ. तीन एकर कोरडवाहू, दोन मुली सासरी, धाकटा पुण्यात कामाला. नऊ वर्षं ज्या माणसाने माझ्या घरावर रात्री लक्ष ठेवलं, त्याच्याबद्दल मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मुलाने माफी मागितली. तोंडातल्या तोंडात, पण मागितली. आबांना फार अवघडल्यासारखं झालं. झिल, तुमचं एवढं बरोबर निघालं. "असू द्या दादा, लेकरू हाय" म्हणाले. मी म्हटलं, "लेकरू आहे ना, मग त्याला दादा आणि असू द्या नका म्हणू. तूच म्हणा." ते हसले. "सवय हाय ताई. जाईल हळूहळू."

कराडकर, खुर्ची खरोखर मोडकी होती. पायाला तार बांधलेली. ड्युटी बारा तासांची आहे आणि सुट्टी महिन्यातून दोन. खुर्ची आली आहे, सुट्टीचा विषय पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घातलाय. सोपं जाणार नाही. ग्रुपवर एकाने "उद्या डोक्यावर बसतील" असं लिहिलं आणि त्यावर चार अंगठे आले. मी लेक_कष्टाची यांचा कपाचा प्रसंग त्यांची परवानगी घेऊन तिथे टाकला. अंगठे थांबले, उत्तर कोणी दिलं नाही.

घरात मुलाची अजून अधूनमधून चूक होते. "वॉच... आबा, पाणी आलं का हो टाकीला?" असं काहीतरी. काल शाळेतून आला तो दप्तरही न उतरवता स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, आबा मला गेटवर म्हणाले, 'आलास का?'"